हसण्याआधी शेजारी बघतात

रंगमंचावर एकटी बाई उभी आहे. सत्तर मिनिटं ती बोलते. पाळी, सासर, देवघर, लग्नाची पहिली रात्र, काहीही सोडत नाही. दोन दिवसांचे दोन प्रयोग चार कॅमेऱ्यांनी टिपून त्याचा चित्रपट केला आहे. असा चित्रपट बाहेर जाण्याआधी मुंबईत त्याचे चाचणी-खेळ लावायचे, प्रेक्षक कुठे हसतो, कुठे गप्प होतो, कुठे उठतो ते टिपायचं आणि संकलकाच्या हातात द्यायचं, हे आमचं काम. नुकतेच अशा एका चित्रपटाचे तीन खेळ झाले. संकलन अजून चालू असल्यामुळे नाव देत नाही.

हे लिहिण्याचं कारण असं, की पहिला खेळ थंड गेला की करणाऱ्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: धीट भाग कापून टाका. आमच्या अनुभवात तो सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या जागी कात्री लावतो. लोक गप्प बसले ते चिडून की वाक्य ऐकूच आलं नाही म्हणून? की शेजारी सासूबाई होत्या म्हणून? हे कळल्याशिवाय एक फ्रेमही हलवू नये.

नाटकात हा प्रश्न नटी स्वतः सोडवते. हशा पिकला की थांबते, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकते. घाई झाली तर ‘लाफ्टर खाल्लं’ असं विंगेतच कोणीतरी सांगतं आणि दुसऱ्या प्रयोगाला ती सुधारते. चित्रपट कोणासाठी थांबत नाही. हॉलिवूडचे विनोदी नट मार्क्स बंधू यांनी १९३५ च्या चित्रपटाआधी त्यातले विनोदी प्रसंग गावोगावच्या रंगमंचांवर करून पाहिले होते, ते यासाठीच. कुठला विनोद चालतो आणि हशा किती वेळ टिकतो हे कॅमेऱ्यापुढे जाण्याआधी कळावं म्हणून. आपल्या प्रकारात शूटिंग आधीच झालेलं असतं, त्यामुळे मोजणी नंतर आणि दुरुस्ती संकलनाच्या टेबलावर.

आधी जागा. दादर-माटुंगा पट्ट्यातला दीडशे खुर्च्यांचा छोटा हॉल घेतो, कारण तिथे लोकलच्या दोन्ही लाइनींवरून येता येतं. माणसं साठ बोलावतो. त्यांना हवं तिथे बसू दिलं तर ती दीडशे खुर्च्यांवर विखुरतात, मागच्या कोपऱ्यात तीन, भिंतीकडेला दोन, आणि मग कोणीच हसत नाही. हसू एकाचं दुसऱ्याला लागतं आणि त्यासाठी खांद्याला खांदा हवा. म्हणून मधल्या सहा रांगा ठेवून बाकीच्यांना दोरी बांधतो. दहा-दहाच्या सहा रांगा, मध्ये एकही रिकामी खुर्ची नाही. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो तो नंतरच्या कुठल्याही कापाकापीने पडत नाही.

वेळेचीही चूक झाली होती. पहिला खेळ रात्री साडेआठला ठेवला, नाटकाच्या सवयीने. शेवटच्या पंधरा मिनिटांत माणसं उठायला लागली आणि दाराशी बसलेल्या मुलीने प्रत्येकाच्या नावापुढे ‘उठून गेले’ असं लिहिलं. तो भाग नेमका लग्नाच्या पहिल्या रात्रीचा. दिग्दर्शिका तो अख्खा काढायला निघाली होती. फोन करून विचारलं तेव्हा कळलं, बहुतेकांना डोंबिवली, वसई, विरार गाठायचं होतं. आता खेळ साडेसहाला. पावणेआठला चित्रपट संपतो, सव्वाआठपर्यंत सगळं उरकतं. रविवार असेल तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनीवर आहे ते पाहूनच निमंत्रण जातं. शिवाय दाराशी एकाऐवजी दोघी बसतात. आतली फक्त वेळ लिहिते आणि माणसाने पिशवी बरोबर नेली की खुर्चीवर ठेवली एवढं टिपते. पिशवी ठेवून गेलेला माणूस परत येतो, त्याला उठून गेलेल्यांत धरत नाही. बाहेरची जाणाऱ्याला एकच गोष्ट विचारते, ‘गाडी आहे का?’ हो म्हटलं तर विषय संपला. नाही म्हटलं तर लोक आपणहून कारण सांगतात, आणि त्या वेळी सांगितलेलं कारण दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलेल्या कारणापेक्षा खरं असतं.

कोणाला बोलवायचं, हा यातला सर्वांत नाजूक भाग. तीन खेळ, एकच संकलन, तीन वेगळे प्रेक्षक. पहिला खेळ कुटुंबांचा: नवरा-बायको, आई-मुलगी, सासू-सून. दुसरा फक्त बायकांचा. तिसरा पंचविशीच्या आतल्या मुलामुलींचा. नाटकवाल्यांना शेवटपर्यंत बोलवत नाही. ते हसत नाहीत, दाद देतात. ‘काय पॉझ घेतला!’ म्हणून टाळी देतील, पण पोटातून आलेलं हसू त्यांच्याकडून मिळत नाही. सादर करणारीच्या मैत्रिणींचं उलट आहे. त्यांना सगळे विनोद पाठ असतात, त्या पंचच्या, म्हणजे हशा आणणाऱ्या शब्दाच्या, आधीच हसतात आणि आसपासच्या दहा माणसांची नोंद बिघडवतात. साठांत पाचपेक्षा जास्त नकोत, आणि त्याही एका रांगेत नकोत.

निमंत्रण नावनिशी जातं. तिकीट नाही, पोस्टर नाही. सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि आपण अजून त्या टप्प्यावर आलेलो नसतो. अठराच्या आतलं कोणी नको, दाराशी ओळखपत्र पाहतो. निमंत्रणातच साध्या शब्दांत लिहितो की चित्रपटात शरीरसंबंध, पाळी, धर्म आणि शिव्या आहेत, आणि अंधारात चेहऱ्यांचं व आवाजाचं चित्रण होणार आहे, ते संकलन संपल्यावर पुसलं जाईल. सही करूनच आत यायचं. हॉलच्या व्यवस्थापकालाही तोच मजकूर लेखी देतो. एका हॉलमध्ये हे तोंडी सांगितलं होतं. चाळिसाव्या मिनिटाला व्यवस्थापकांनी दार उघडून आत डोकावलं, प्रकाशाचा पट्टा थेट प्रेक्षकांवर पडला, आणि पुढची सात-आठ मिनिटं कोणी मोकळं हसलं नाही. कोणीतरी ‘तपासायला’ आलंय अशी भावना एकदा शिरली की ती नोंद टाकूनच द्यावी लागते.

मोबाइल काढून घेत नाही, लोक अस्वस्थ होतात. लेन्सवर छोटं गोल स्टिकर चिकटवतो. अशा चित्रपटातल्या वीस सेकंदांच्या तुकड्याला आगापीछा नसतो. तो व्हॉट्सअॅपवर फिरला तर त्याचा त्रास आमच्या आधी त्या बाईला होतो.

आता यंत्रं. पडद्याखाली मध्यभागी, जमिनीपासून दीड मीटरवर एक रेकॉर्डर, तोंड प्रेक्षकांकडे. मायक्रोफोन कार्डिऑइड, मुख्यतः समोरचं ऐकणारा, घ्यायचा, म्हणजे त्याची बहिरी बाजू पडद्यामागच्या स्पीकरकडे येते आणि चित्रपटाचा आवाज त्यात कमी शिरतो. दुसरा रेकॉर्डर चौथ्या रांगेच्या डाव्या भिंतीकडे. दोन्ही ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सगळ्यात मोठा हशाही उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये इतका गेन, म्हणजे आवाज टिपण्याची पातळी. चेहऱ्यांसाठी अंधारात पाहणारा इन्फ्रारेड कॅमेरा, घराच्या सुरक्षेसाठी मिळतो तसला चालतो. चित्रपटाच्या सुरुवातीला, पहिल्या फ्रेमच्या दोन सेकंद आधी एका फ्रेमची पीप असते, तिला टू-पॉप म्हणतात. ती दोन्ही रेकॉर्डरवर आली की नंतर सगळं जुळवता येतं.

जुळवता येतं असं म्हटलं खरं, पण पहिल्या वेळी जुळलं नाही. संकलन २५ फ्रेमवर होतं, आपल्याकडे अनेकदा असतं तसं. थिएटरसाठी बनवलेली डीसीपी, म्हणजे डिजिटल प्रत, २४ फ्रेमची. रूपांतर करताना फ्रेम त्याच ठेवल्या, म्हणजे प्रत्येक सेकंद किंचित लांबला. सत्तर मिनिटांचा चित्रपट ७२ मिनिटं ५५ सेकंदांचा झाला. सुरुवातीच्या नोंदी बरोबर वाटल्या, पण शेवटाकडे हशा जवळजवळ तीन मिनिटं उशिरा येताना दिसत होता. शिवाय आवाजाची पट्टीही उतरली होती. सादर करणारीचा आवाज मुळात बारीक, खट्याळ. तो थोडा जड, वडीलधारा झाला आणि तिच्या वात्रट वाक्यांना दटावणीचा सूर आला. ही चूक कानाला पटकन सापडत नाही, तिला ओळखणाऱ्या माणसाने ऐकली तरच कळते. आता नोंदपत्रिकेवर पहिल्या ओळीत फ्रेमदर लिहिलेला असतो.

पातळीचंही तसंच. सिनेमाच्या साउंड प्रोसेसरवर ७ हा प्रमाण आकडा. त्याला पडद्यामागच्या प्रत्येक चॅनलवर पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा एकसारखा खरखरीत आवाज, लावली की ८५ डेसिबल यायला हवेत, आणि मिक्सिंग त्याच हिशोबाने झालेलं असतं. जाहिराती फार मोठ्याने वाजतात अशा तक्रारींमुळे बरीच थिएटरं तो आकडा ५ पर्यंत उतरवून ठेवतात, म्हणजे साडेसहा डेसिबल कमी. मारधाडीच्या चित्रपटाचं त्याने फार बिघडत नाही. इथे बाई कुजबुजते. सगळ्यात धीट वाक्य ती सगळ्यात हळू बोलते, हीच तिची पद्धत. वर एसीचा ब्लोअर. पहिल्या खेळात असं एक वाक्य गेलं आणि हॉल थंड. आम्ही ‘विषय झेपला नाही’ असं लिहिणार होतो. रेकॉर्डिंग ऐकलं तर वाक्याच्या जागी नुसता एसी. मागच्या रांगेत बसून शेवटचा शब्द कानावर येतो का, हे प्रेक्षक येण्याआधी दोघांनी पाहायचं, एकाने चालत, एकाने बसून.

नोंद कशी करतो? दोन माणसं, एकमेकांचं न पाहता, रेकॉर्डिंग ऐकून प्रत्येक विनोदाला आकडा देतात. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे नाकातून सुटलेला श्वास किंवा ‘च्’. दोन म्हणजे हशा. तीन म्हणजे पुढचं वाक्य बुडवणारा हशा किंवा टाळ्या. त्यापुढे तीन रकाने: पंचनंतर किती सेकंदांनी सुरू झाला, किती टिकला, कुठल्या बाजूने आला. यातला पहिला रकाना सोन्याचा आहे, आणि तो तसा का हे कळायला एक प्रसंग जवळून पाहावा लागेल.

चित्रपटात एक किस्सा आहे. चाळीतली एकशे साठ फुटांची खोली, सात माणसं. आजी पाळी आलेल्या नातीला म्हणते, ‘कावळा शिवलाय ना, मग बाजूला बस.’ नात म्हणते, ‘आजी, आधी बाजू दाखव.’

कुटुंबांच्या खेळात इथे दोन सेकंद शांतता आणि मग हशा. इन्फ्रारेडमध्ये ते दोन सेकंद दिसतात. साठीच्या एक बाई, डावीकडे नवरा, उजवीकडे सून. वाक्य येतं. त्यांचे ओठ घट्ट मिटतात. मान हलत नाही, फक्त डोळे डावीकडे जातात. नवऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हलल्याचं दिसल्यावर मग पदर तोंडावर जातो आणि खांदे हलायला लागतात. तोवर पडद्यावर पुढचं वाक्य अर्धं झालेलं असतं. फक्त बायकांच्या खेळात त्याच वाक्याला हशा अर्ध्या सेकंदात आला, आणि खुर्च्यांच्या पाठींवर थापा पडल्या. विनोद तोच, मधले दीड सेकंद शेजाऱ्याचे.

पंचविशीच्या आतल्या मुलांच्या खेळात मात्र शून्य. पुढारलेली मुलं, पिरियड्सबद्दल उघड बोलणारी, ती का गप्प? लाजली म्हणून नव्हे. ‘कावळा शिवणं’ म्हणजे काय हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. त्यांना खरंच कुठला तरी कावळा वाटला.

एकाच वाक्याच्या तीन प्रतिक्रिया, आणि तिन्हींत आक्षेप कुठेच नाही. कापायचं असं तिथे काही नव्हतं. दोन दुरुस्त्या केल्या. दुसऱ्या दिवसाच्या प्रयोगात तिने या किस्स्याआधी सहज एक वाक्य जास्त बोललं होतं, ज्यात ‘पाळी’ हा शब्द होता. तेवढं उचलून इथे जोडलं. आणि पंचनंतर तिचा चेहरा चाळीस फ्रेम जास्त धरला, म्हणजे शेजारी बघून येण्यापुरता वेळ मिळाला. चेहरा धरायचा म्हणजे नुसतं चित्र थांबवायचं नाही. त्या वेळात तिच्या डोळ्यांत काहीतरी घडत असायला हवं. आमच्या सुदैवाने ती आजीकडे बघितल्यासारखी भुवई उंचावून उभी होती. धरण्याजोगा चेहरा नसेल तर पंचनंतरच्या पहिल्या वाक्यात महत्त्वाचं काही येणार नाही असं पाहायचं. हशात ते बुडलं तरी चालतं.

संकलनाची एक सवय इथे फार नडते. पंच आला की लाँग शॉटवर जायचं, अख्खा रंगमंच दाखवायचा. ब्लाउज शिवणाऱ्या टेलरचा किस्सा यानेच मेला होता. मापाची टेप गळ्याशी धरून ती शेवटचा शब्द बोलते, बोटं टेपवर किंचित आवळतात, सगळा विनोद त्या आवळण्यात. नेमक्या त्या शब्दावर शॉट लाँगला गेला होता. बोटंही दिसत नव्हती, ओठही नाही. पहिल्या खेळात शून्य, आणि ‘पुरुषांना अवघडल्यासारखं झालं’ असा निष्कर्ष निघाला. क्लोज-अप शेवटपर्यंत ठेवून दुरुस्त भाग नंतर त्याच वयाच्या पुरुषांना दाखवला, तेव्हा दोनचा हशा.

चित्रपटात ऐकू येणाऱ्या हशाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. शूटिंगच्या वेळी प्रेक्षागृहात सहा मायक्रोफोन लावले होते, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक. हे फार बरं झालं, कारण दोन दिवसांचे प्रयोग एकमेकांत जोडताना हशाची शेपटी तुटते. पहिल्या दिवशीच्या हशावर दुसऱ्या दिवशीची शांतता चिकटवली की कानाला ‘खटका’ बसतो आणि प्रेक्षकाला हशा विकतचा वाटतो. म्हणून हशा पूर्ण विरेपर्यंतचा आवाज आणि रिकाम्या हॉलचा एक मिनिटाचा आवाज वेगळा ठेवायचा. आता तो किती मोठा ठेवायचा? चित्रपटातला हशा हॉलमधल्या हशापेक्षा मोठा झाला की हॉल हसायचा थांबतो. लोकांना वाटतं, पार्टी दुसरीकडे चालू आहे. आम्ही तिच्या वाक्याखालचा प्रेक्षकांचा ट्रॅक सहा डेसिबल उतरवला आणि तो मुख्यतः पुढच्या स्पीकरवर ठेवला. मागच्या सराउंड स्पीकरवर दिला होता तेव्हा लोक मान वळवून कोण हसलं ते पाहत होते.

प्रेक्षक चित्रपटात दाखवावा की नाही, हाही निर्णयच असतो. अमेरिकन विनोदी कलावंत सॅन्ड्रा बर्नहार्डच्या रंगमंचीय प्रयोगावरून १९९० साली निघालेला ‘विदाउट यू आय अॅम नथिंग’ हा चित्रपट या बाबतीत पाहण्यासारखा आहे. त्यात ती नाइटक्लबमध्ये सादर करते आणि समोरचे, मुख्यतः कृष्णवर्णीय, प्रेक्षक थंड, कंटाळलेले दाखवले आहेत. एकेक करत ते उठून जातात, शेवटी एकच बाई उरते. पडद्यावरच्या प्रेक्षकाने नाकारलेलं पाहताना खऱ्या प्रेक्षकाला आपली बाजू स्वतः ठरवावी लागते. आमच्या चित्रपटात उलटं होतं, हसणाऱ्या चेहऱ्यांचे चौदा शॉट होते. चाचणीत दिसलं की लोक पंचच्या वेळी नटीकडे न पाहता त्या चेहऱ्यांकडे पाहतात आणि ‘ह्या बाईला चालतंय का’ ते तपासतात. चौदाचे चार ठेवले.

हशा आला म्हणजे विनोद बरोबर गेला, असंही नाही. कामवाल्या मावशींच्या वेगळ्या कपाचा एक प्रसंग आहे. सादर करणारी मालकीण होते, गोड बोलत मावशींना चहा देते आणि कप मोरीच्या कठड्यावर वेगळा ठेवते. कुटुंबांच्या खेळात इथे तीनचा हशा. आम्ही खूश. पण दुसऱ्या खेळाला घरकाम करणाऱ्या सात बायका मुद्दाम बोलावल्या होत्या, दोन रांगांत विभागून. त्या सातही गप्प, आणि त्यांच्या शेजारच्या हसता हसता थांबल्या. फॉर्ममध्ये एकीने मुलीकडून लिहून घेतलं होतं: ‘तिने मावशीची नक्कल केली त्याला लोक हसले, बाईला नाही.’ रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. खरं होतं. हशा कपावर नव्हता, मावशींच्या बोलीच्या नकलेवर होता, कप येण्याच्या दोन सेकंद आधी. हा चित्रपटातला खराखुरा दोष होता, आणि तो सगळ्यात मोठ्या हशाखाली दडला होता. बोलीची नक्कल काढली, मालकिणीच्या हातावर शॉट आणला. हशा तीनवरून दोनवर आला, पण तो आता कपावर येतो.

फॉर्म एका पानाचा, मोठ्या अक्षरांत, पेनऐवजी छोट्या पेन्सिली, झाकणाची पेटी, नाव नाही. श्रेयनामावली सुरू होताच दिवे लावून वाटायचे. घरी पाठवलेला ऑनलाइन फॉर्म फार थोडे भरतात. ‘आवडला का?’ विचारू नये. आपल्याकडे पाहुण्याला जेवण कसं झालं विचारलं की तो ‘छान’च म्हणतो. आमचे प्रश्न असे असतात: कुठे उठून जावंसं वाटलं? कुठलं वाक्य ऐकू आलं नाही? यातला कुठला विनोद उद्या कोणाला सांगाल? कुठला कोणालाच सांगणार नाही? शेवटी वयोगट आणि ‘कोणाबरोबर आलात’. विनोद कोणाला सांगाल या प्रश्नाला सगळ्यात भरघोस उत्तरं येतात. ‘वहिनीला सांगेन, आईला नाही.’ ‘ऑफिसात नाही, लेडीज डब्यात हो.’ ज्या किस्स्याला हॉलमध्ये नुसता ‘एक’ हा आकडा मिळाला तो फॉर्ममध्ये दहा जणींनी ‘बहिणीला सांगेन’ म्हणून लिहिला, असं झालं की तो किस्सा जिवंत आहे हे समजायचं.

नंतरची चर्चा पंधरा मिनिटांच्या वर नको आणि फॉर्म पेटीत पडल्याशिवाय सुरू करू नये. पहिला बोलणारा सगळ्यांचं मत ठरवतो. ज्येष्ठ गृहस्थांनी माइक घेऊन संस्कृतीबद्दल बोलायला सुरुवात केली की नुकत्याच पदराआड हसलेल्या बायका माना डोलावतात. म्हणून माइकच नाही. आठ-आठ जणांचे गट, प्रत्येकात आमची एक मुलगी, ती फक्त ऐकते. सादर करणारी हॉलमध्ये नसावी. तिच्यासमोर लोक खोटं बोलतात, प्रेमाने. दिग्दर्शिका मागे बसते आणि उत्तर देत नाही.

कोणी मध्येच ओरडलं तर? देवघराच्या भागात एकदा झालं. चित्रपट थांबवायचा नाही, दिवे लावायचे नाहीत. कार्यकर्ती शांतपणे शेजारच्या पायरीवर बसते आणि ‘काका, बाहेर बोलूया का, मला लिहून घ्यायचंय’ एवढंच म्हणते. ते बाहेर आले, वीस मिनिटं बोलले, सगळं लिहून घेतलं. त्यांचा आक्षेप विनोदाला नव्हता, देवघराची घंटा मागे वाजत होती तिला होता. तो ध्वनी नंतर टाकलेला होता, प्रयोगात नव्हताच. काढला. विनोद तसाच आहे.

इंग्रजी सबटायटल लावून अमराठी प्रेक्षकांना दाखवताना एक गोष्ट सांभाळायची. दोन ओळींचं सबटायटल एकदम आलं की वाचणारा पंच आधीच वाचतो, हॉलचा अर्धा भाग दीड सेकंद आधी हसतो आणि मराठी ऐकणाऱ्याचं वाक्य जातं. पंचचा शब्द वेगळ्या सबटायटलात, तो उच्चारला जातो त्याच फ्रेमला.

हे सगळं प्रमाणपत्राच्या अर्जाआधी उरकावं लागतं. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर होऊन आलेली असली तरी ती मंजुरी चित्रपटाला लागू नाही, आणि चित्रपटाला प्रमाणपत्र मिळाल्यानंतर केलेला बदल प्रमाणन मंडळाला कळवावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने यूएमध्ये, म्हणजे पालकांच्या देखरेखीत मुलांनाही चालणाऱ्या गटात, ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले, तेव्हा १६+ मिळावं म्हणून निर्मात्याकडून आधीच कापण्याचा आग्रह होतो. आम्ही फक्त प्रौढांसाठीचं ‘ए’च मागा असं सांगतो. मंडळाने काही काढायला सांगितलं आणि पटलं नाही तर २०२१ पासून अपिलासाठी वेगळं न्यायाधिकरण उरलेलं नाही, थेट उच्च न्यायालय. त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा वेळापत्रकात धरायचा.

अर्जासोबतची प्रत काढण्याआधी एक काम अजून बाकी आहे. ठेवलेल्या चार चेहऱ्यांपैकी तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंचा होकार शूटिंगच्या दारावरच्या सूचनेपुरताच आहे. पहिल्या रात्रीच्या किस्स्याला त्या मान मागे टाकून हसताना दिसतात. तो शॉट त्यांना फोनवर पाठवणार नाही. स्टुडिओत बोलावून, मोठ्या पडद्यावर, आवाजासकट, आधीच्या आणि नंतरच्या वाक्यांसकट दाखवायचा आणि मग वेगळी सही घ्यायची. गुरुवारी येणार आहेत. नको म्हणाल्या तर त्या जागी लावायला रिकाम्या माइकस्टँडचा दोन सेकंदांचा शॉट काढून ठेवला आहे.